विझवलेला राब

मला कावीळ झाली त्या वर्षी मी तेवीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असा तो धंदा. दिवसभर तेच केलं की माणसाला हळूहळू वाटायला लागतं, जगात चुकतात ते बाकीचे. मला ते जरा लवकरच वाटायला लागलं होतं.

चैत्रात डोळे पिवळे झाले. वैद्यांनी तेल-तूप बंद केलं, छापखान्याच्या मालकांनी तोंड वाकडं करून दोन महिन्यांची रजा दिली, आणि आईनं वळकटी बांधून मला पौडला धाडलं. पौडला माझी थोरली बहीण होती. मेहुणे तिथल्या कचेरीत कारकून. साठ साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. एस.टी. भूगाव, भुकूम करत घाट चढायची, पिरंगुटला उतरायची, आणि पौड येईपर्यंत माझ्या अंगावर एवढी धूळ बसली की कावीळ दिसेनाशी झाली. ताईनं दारातच माझ्या अंगावर पाणी ओतलं आणि मग घरात घेतलं.

पौड हे तालुक्याचं ठिकाण. म्हणजे कचेरी, पोलीस, दवाखाना, शाळा, आठवड्याचा बाजार आणि चहाची दोन दुकानं. एवढ्यावर त्याला शहर म्हणावं की गाव, यावर मेहुण्यांचा आणि माझा रोज वाद व्हायचा. कचेरीच्या पाटीवर एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती मी दुसऱ्याच दिवशी त्यांना दाखवली. ते म्हणाले, "ती पाटी माझ्या आधीपासून आहे आणि माझ्यानंतरही राहील. तू पेज पी."

मुळा नदी गावाच्या अंगानं जाते. वर मुळशीला धरण. तिथलं पाणी डोंगरापलीकडे कोकणात वीज करायला जायचं. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या वाट्याला यायचे ते मधे मधे डोह, आणि त्यांना जोडणारी घोट्याएवढी धार. तरी नदी ती नदी. सकाळी पेज प्यायलो की मी काठावरच्या उंबराखाली जाऊन पाण्यात पाय सोडून बसायचो. पलीकडे बायका धुणी धुवायच्या, एखादी म्हैस नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून डुंबत असायची, खंड्या पाण्यात पडायचा आणि मासा घेऊन उठायचा. पहिले आठ दिवस मी चिडचिड करत होतो. जेवण अळणी, वर्तमानपत्र दुपारी येणार, बोलायला कुणी नाही. मग कधीतरी चिडायचं राहूनच गेलं. दुपारी करवंदं खावीत, पडवीत चटईवर आडवं व्हावं, जाग आली की परत नदीवर जावं. इतकं सुख मला त्यापूर्वी कधी मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

ताईच्या दोन खोल्या भाड्याच्या होत्या. भिंतीपलीकडे घराच्या मालकीणबाई राहायच्या. पस्तिशीच्या, काटक, उन्हानं रापलेल्या. त्यांना मालकीणबाई म्हटलं की त्या म्हणायच्या, "कशाची वो मालकीन," आणि कामाला लागायच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मूलबाळ नव्हतं. एक गाय, दोन शेरडं, घरामागे गवताची गंज, नदीकडे उतरत गेलेली भाताची पाच खाचरं. पहाटे मला जाग यायची ती त्यांच्या खराट्यानं, आणि अंधार पडताना त्या डोंगरावरून डोक्यावर भारा घेऊन येताना दिसायच्या. माझ्याशी बोलणं बेताचंच. "पाव्हणं, डोळं उजाळलं का?" एवढं रोज विचारायच्या. मी उजळले म्हणालो की पुढं जायच्या.

नदीच्या अगदी जवळ, डोहापासून तीस-चाळीस पावलांवर, त्यांच्या जमिनीच्या तुकड्यात एक ढीग पसरलेला होता. शेण, वाळक्या फांद्या, पाला, गवत, आणि त्यावर मातीचा थर. मला तो उकिरडा वाटला. नदीकाठी बसून माणसं एवढी घाण कशी करतात, असं मी ताईला म्हणालोसुद्धा. ती तांदूळ निवडत होती, तिनं लक्ष दिलं नाही. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर वैशाखात धूर दिसायचे. मी ते वणवे समजलो. गावकऱ्यांच्या निष्काळजीपणावर मी मेहुण्यांना एका संध्याकाळी चांगलं तासभर ऐकवलं. ते वर्तमानपत्र वाचता वाचता हं हं करत होते. त्यांनी तेव्हा जरा कान दिला असता तर पुढचं टळलं असतं. पण माझं बोलणं ऐकू नये असं लोकांना का वाटतं, तेही मला कळतं.

एके दिवशी दुपारी मी पडवीत झोपलो होतो. घरात कुणी नव्हतं. मेहुणे कचेरीत, ताई कुणाकडे तरी पापड लाटायला गेलेली. धुराच्या वासानं मला जाग आली. पाहतो तर नदीकडचा तो उकिरडा पेटलेला. कडेनं बारीक ज्वाळा, मधून जाड पांढरा धूर, आणि वरच्या अंगाला, फार तर पन्नास पावलांवर, गवताची गंज. मालकीणबाईंना हाका मारल्या. उत्तर नाही. माझ्या मनात आलं, गंज पेटली की गोठा, गोठ्यामागे घर. मी बादली उचलली आणि धावलो.

किती खेपा केल्या ते आठवत नाही. डोहातून भरायची, चढ चढायचा, ओतायची. एक महिना मी पेज आणि ताक यांच्यावर होतो, पण अंगात असं काही संचारलं होतं की थांबवेना. मातीखाली ते विझतच नव्हतं. एकीकडे ओतलं की दुसरीकडून धूर निघायचा. मग मी काठीनं माती उकरून आत पाणी ओतलं. अर्ध्याहून जास्त ढिगाचा पार चिखल करून टाकला, तेव्हा कुठे धूर थांबला. उरलेलं आधीच जळून गेलं होतं. मी बांधावर बसलो. हाताला फोड आले होते. पण मन असं भरून आलं होतं म्हणता, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मर्दुमकीचं केलं होतं. मालकीणबाई येतील, काय म्हणतील, मी काय म्हणेन, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

त्या वरच्या आळीतून आल्या. लांबूनच त्यांची चाल मंदावली. मग त्या आल्या, ढिगाच्या कडेला उकिडव्या बसल्या, आणि भिजलेल्या राखेची मूठ उचलून तिच्याकडे पाहत राहिल्या.

"कुनी केलं ह्ये?"

"मी," मी म्हणालो. "वेळेवर पाहिलं म्हणून बरं. अजून घटकाभर गेली असती तर गंज पेटली असती."

त्यांनी मूठ सोडली. हात लुगड्याला पुसला. "गंज न्हाई पेटत तितनं. वारा नदीकडं हाय," त्या म्हणाल्या. "पाव्हणं, तुमी घरात जावा. घामाचं बसू नगा, ताप भरंल."

एवढंच. मी घरात आलो. माझं काहीतरी चुकलंय हे मला कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं, आणि असली अवस्था मला अजिबात सहन होत नाही. ताई आली तशी मी तिला सगळं सांगितलं. 

"अरे, राब होता तो," ती म्हणाली.

भाताची रोपं आधी एका लहान वाफ्यात वाढवतात आणि मग उपटून खाचरांत लावतात. तो वाफा पेरण्याआधी भाजून काढावा लागतो. हिवाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून वाळवायच्या, पाला गोळा करायचा, शेण साठवायचं, ते सगळं थरांनी अंथरून वर माती टाकायची आणि वारा बघून पेटवून द्यायचं. मातीखाली ते दिवसभर धुमसतं. तणाचं बी जळतं, जमीन मऊ होते, आणि त्या राखेत रोपं जोमानं उठतात. राब भाजला नाही तर रोपापेक्षा तण जास्त. डोंगरावरचे धूर होते ते सगळे राबांचे होते. मालकीणबाई चार महिने डोक्यावरून जे भारे आणत होत्या, ते मी पाऊण तासात चिखलात घातले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. पण ताईनं पुढचंही सांगितलं. नवरा गेल्यावर बाईंची खाचरं दीर कसत होता आणि धान्य मोजून देत होता. यंदा बाई म्हणाल्या, माझं मी करीन. दीर चारचौघांत म्हणाला, "कर. राब आनि आवनी, दोन्ही तुज्या हातानं पार पाडलीस तर वावर तुजं, मी पुन्हा बांधावर पाय ठेवनार न्हाई. न्हाई जमलं तर म्होरल्या वर्षीपासनं नांगर माजा, तू घरात बसून खा." आवणी म्हणजे भाताची लावणी. नांगरट आणि चिखलणीसाठी बाईंचा भाऊ घोटावड्याहून बैल घेऊन येणार होता, त्याला दिराची हरकत नव्हती. पण राब आणि आवणी बाईंची. त्यातला राब मी विझवला होता.

मला रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटत होती आणि रागही येत होता. कुणाचा ते सांगता येत नव्हतं. निम्मा मेहुण्यांचा होता, ते मात्र नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला. उंच माणूस, मिशा पांढरट, डोक्याला मुंडासं. त्यानं वाफ्याला फेरी घातली, अंगठ्यानं चिखल उकरून पाहिला.

"इझिवला कुनी?"

"पाव्हण्यांनी," बाई म्हणाल्या. "त्यास्नी वाटलं आग लागलिया."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागला. गदागदा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी खाली मान घालून उभा. मग हसू पुसून तो म्हणाला, "मंग, आता?"

"करतीया," बाई म्हणाल्या.

"कर," तो म्हणाला आणि गेला. बोली मोडली असं तो म्हणाला नाही, आणि सोडली असंही म्हणाला नाही.

मी बाईंना म्हणालो, "माझ्यावर रागवा तरी." त्या भिजलेल्या फांद्या ओढून वेगळ्या करत होत्या. म्हणाल्या, "रागवायला येळ कुटं हाय? मिरग तीन आटवड्यांवर आला." मग जरा थांबून म्हणाल्या, "शेन गोळा करता येतं का तुमास्नी?"

तर मी शेण गोळा केलं. चष्मा लावलेला, पायजम्यातला, पिवळ्या डोळ्यांचा माणूस डोक्यावर पाटी घेऊन बाजारतळावर, एस.टी. थांब्यावर, नदीच्या उतारावर म्हशींच्या मागे हिंडताना पौडकरांनी पंधरा दिवस पाहिला. लोकांनी माझी भरपूर मजा घेतली. चहावाला मला बघून हात जोडायचा. "पाव्हणं, हिकडं एक ताजा पो पडलाय," अशी हाक कुठूनही यायची, आणि मी जायचो. चौथ्या दिवशी मेहुण्यांच्या साहेबांनी त्यांना विचारलं, ते शेण वेचणारे गृहस्थ तुमच्या घरी उतरलेत का. मेहुणे घरी येऊन म्हणाले, "अरे, माझ्या नोकरीचा तरी विचार कर." मी म्हणालो, "तुम्ही तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवलं असतं तर ही पाळी आली नसती." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताई मात्र रोज पाटी धुऊन ठेवायची.

शेण पातळ थापून वाळवायचं, ते उन्हात दोन दिवसांत होत होतं. अडचण होती पाल्याची. हिरव्या फांद्या जळत नाहीत आणि वाळलेल्या प्रत्येकानं आपापल्या राबात घातलेल्या. तेव्हा बाईंनी सावड मोडली. मोडली म्हणजे, बाकी राहिलेले दिवस मागून घेतले. आज मी तुझ्या शेतात राबते, उद्या तू माझ्या शेतात राब, अशी तिकडची रीत. हात हातानं फेडायचा. बाईंनी पाच घरी दिवस दिले होते.

"त्या पाच बाया माज्या आवनीला येनार व्हत्या," त्या मला म्हणाल्या. "त्यास्नी आत्ताच बोलावती. एकेकीनं एकेक दिस डोंगरातनं पाला आनला तर हुईल."

"मग आवणीला?"

"मंग आवनीला बगू."

"दीर घालणार नाही का सावड?"

त्या हसल्या. "त्ये कशाला घालत्याल? त्येंच्या लेखी मी घरातली. घरातल्या बाईसंगं कुनी सावड घालतं व्हय? सावड घालायची तर म्होरला वावराचा धनी लागतो." आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या पाचजणी आल्या. सागाची, आंब्याची, कुठकुठली वाळली पानं भाऱ्यांनी आणली, गंजीतलं थोडं गवतही बाईंनी काढलं. पाचही जणींनी मला वेगवेगळ्या तऱ्हेनं नावं ठेवली, आणि निघताना एकीनं माझ्या हातावर दोन जांभळं ठेवली. जुना चिखल वाळवून फोडला, त्यावर नवे थर दिले. वैशाख संपत आला होता. राब तयार झाला तेव्हा बाईंनी मला बोलावलं.

"तुमी लावा," त्या म्हणाल्या.

मी काडी ओढायला लागलो. त्यांनी हात धरला. चिमूटभर माती उडवून दाखवली. माती नदीकडे गेली. "वारं जिकडं जातं तितनं लावायचं. म्हंजी आग वाऱ्याशी भांडत म्होरं येती, हळू येती. मागनं लावली तर भडकून जाती, माती कच्ची ऱ्हाती." मी नदीच्या बाजूला जाऊन राब पेटवला. मग त्या म्हणाल्या, "आता बादली घरात ठिवून या." मला हसू आलं, त्यांनाही आलं. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत त्या धुराजवळ बसून होतो. आग भांडत भांडत पुढे आली आणि वाफा काळा झाला. इतकी शांत दुपार मी दुसरी पाहिली नाही.

माझे डोळे निवळले, रजा संपली, मी पुण्याला परतलो. छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढू लागलो, पण त्यात पूर्वीची गोडी राहिली नव्हती. आषाढात ताईचं पत्र आलं. खुशाली लिहून शेवटी लिहिलं होतं, 'बाईंचं रोप चांगलं आलं आहे. नदीकडच्या बाजूला विरळ आहे, पण पुरेल म्हणतात. आवणीला मात्र माणूस मिळत नाही. जो तो आपल्या शेतात आहे. दीर रोज बांधावरून बघून जातो.'

मी मालकांकडे तीन दिवसांची रजा मागितली. ते म्हणाले, आता काय झालं? मी म्हणालो, लावणी करायला जायचंय.  कावीळ डोक्यात गेली असं त्यांना वाटलं असावं. रजा दिली.

पौडला नदी ओळखू येत नव्हती. उंबराच्या बुंध्यापर्यंत लाल पाणी, आणि पाऊस असा की समोरचा डोंगर दिसेना. ताम्हिणीकडून येणारी गाडी दोन दिवस आली नव्हती. मी भिजून चिंब होऊन बाईंच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आवणीला आलोय. माझ्यामुळे गेलेले तुमचे पाच दिवस माझ्यावर आहेत."

"तुमी?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला इरलं दिलं. पानांचं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. ते घेतलं की माणूस कासवासारखा दिसतो.

भाऊ चिखलणी करून घोटावड्याला परत गेला होता. त्याचीही आवणी होती. खाचरं चिखलानं लोण्यासारखी तयार, रोपांच्या मुठी बांधून ठेवलेल्या, आणि माणसं दोन. त्यातलं एक मी. रोप निबर व्हायला लागलं होतं. दोन दिवसांत लागलं नाही तर गेलं. बाई वाकल्या की सरळ रेषेत मागे मागे जायच्या, हात दिसायचे नाहीत इतके भराभर चालायचे. मी चार काड्या घ्यायचो, चिखलात खुपसायचो, पुढच्या चार घेईपर्यंत मागच्या तरंगत वर यायच्या. मग मी रागानं कोपरापर्यंत हात घालून दडपायचो. दुपारपर्यंत माझी पाठ मोडली होती आणि माझ्या मागची ओळ दारुड्यानं आखल्यासारखी दिसत होती.  बाई एकदा सरळ उभ्या राहिल्या आणि उरलेल्या खाचरांकडे पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. मला रडू आलं. पावसात ते कुणाला कळलं नाही, एवढंच बरं.

दीर बांधावर उभा होता. कधी आला कळलं नाही. इरलं पांघरून, हातात काठी, नुसता उभा. अर्धा तास झाला, तो हलेना. बाईंनी मान वर केली नाही. माझं डोकं फिरलं.

"नुसते उभे काय राहता?" मी म्हणालो. "चुकत असेल तर सांगा."

"सांगून यायचं न्हाई त्ये," तो म्हणाला.

तरी तो गेला नाही. मी पुन्हा वाकलो आणि मुठीतल्या काड्या दाबल्या. मागून त्याचा आवाज आला, अगदी कळवळून आल्यासारखा. "आवो, भात हाय त्ये. खुंटं न्हाई ठोकायची."

मी तसाच दाबत राहिलो. मला दुसरं येतच नव्हतं. तेव्हा त्यानं काठी बांधावर टेकवली, धोतर वर खोवलं आणि चिखलात उतरला. माझी अख्खी ओळ त्यानं उपटली. बोटभर खोल, मूळ बसलं की सोडून द्यायचं, असं दोनदा दाखवलं. मला जमलं नाही. मग त्यानं मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि म्हणाला, "तुमी मुठी द्या." मी मुठी देत राहिलो. एका बाजूनं बाई, एका बाजूनं तो, दोघं एकमेकांशी न बोलता मागे मागे सरत होते. भात वाया जाताना त्याला बघवेना, दुसरं काही कारण नव्हतं. भाताच्या बाबतीत तो माणूस फार हळवा होता. ताईनं भाकरी आणि पिठलं पाठवलं, ते आम्ही तिघांनी बांधावर पावसातच खाल्लं.

दिवस बुडायच्या आधी पाचवं खाचर लागलं. हिरव्या बारीक रेषा पाण्यात उभ्या होत्या. दीर पाटाच्या पाण्यात पाय धुवायला बसला. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून सारखा केला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आजचा दिस तुमचा माज्यावर ऱ्हायला. तुमच्या आवनीला कदी येऊ?"

त्यानं मान वर केली. घरातल्या घरात कसला दिवस, असं म्हणायला त्याला एक क्षण पुरला असता, आणि तसं म्हणाला असता तर आवणी त्याच्या हातची ठरून बाईंचं वर्ष तिथंच संपलं असतं.  तो एक पाय घासत राहिला, मग दुसरा घासला. खाचरांकडे बघितलं, पाचही.

"परवा नगं," तो म्हणाला. "परवा माजी चिखलनी हाय. तेरवा ये. दिस उगवायला ये."

बाई मटकन बांधावर बसल्या आणि तोंडात पदर धरला.

त्यानं काठी उचलली, इरलं पाठीवर घेतलं, चार पावलं गेला आणि वळून माझ्याकडे बोट केलं.

"फकस्त ह्यास्नी आनू नगंस."